अरुंद वाहिनीतील कणांची शिस्त

अरुंद नळीतून भोवरे न उठता वाहणाऱ्या द्रवात सूक्ष्म कण कसेही विखुरलेले राहतील, असे वाटणे स्वाभाविक आहे. सेग्रे आणि सिल्बरबर्ग या संशोधकांनी १९६१ मध्ये ही समजूत खोटी ठरवली. द्रवाइतक्याच घनतेचे गोल कण वाहता वाहता नळीच्या मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे ०.६ पट अंतरावर कड्यासारखे जमतात, असे त्यांना आढळले.

प्रवाहाचा वेग मध्यभागी सर्वाधिक, तर भिंतीलगत शून्य असतो. वेगाच्या या बदलत्या उतारामुळे कण भिंतीकडे ढकलला जातो. मात्र भिंत जवळ येताच तिचा प्रभाव त्याला मागे सारतो. ही दोन्ही बले जेथे तुल्यबळ होतात, तेथे कण स्थिरावतो.

कण जितका मोठा, तितका हा परिणाम प्रबळ. म्हणूनच कर्करोगनिदानासाठी त्याचे महत्त्व आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे ५०० कोटी तांबड्या पेशी असतात. त्यांत कर्करोगाच्या पेशी मोजक्याच, परंतु बहुधा आकाराने मोठ्या असतात. केसाएवढ्या रुंदीच्या वाहिन्यांतून रक्त सोडल्यास केवळ प्रवाहाच्या जोरावर त्या वेगळ्या काढता येतात. काही पांढऱ्या पेशीही त्यांच्याच आकाराच्या असल्याने अंतिम ओळख मात्र स्वतंत्र तपासणीनेच पटवावी लागते.