घरांतील लहान कुत्र्याची केशनिगा

चैत्र लागून उन्हाचा ताप वाढला कीं घरोघरच्या पामेरियन कुत्र्यांचे केस कातरून टाकण्याची घाई सुरू होते. एवढी घोंगडी पांघरून बिचारें मुकें जनावर उकडून निघत असेल, ही भावना दयेचीच. परंतु तिच्यापोटीं घडणारी कृति त्या प्राण्यास जाचक होते, म्हणून या विषयावर चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

या जातीच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. आंत मऊ, दाट लव आणि तिच्यावर लांब, कांहींसे राठ केस. त्यांत कोंडलेली हवा थंडीप्रमाणेंच उन्हाचा तापहि कातडीपर्यंत लवकर पोंचूं देत नाहीं. मनुष्यास सर्वांगास घाम येतो व तो वाळतांना गारवा मिळतो. कुत्र्यास घाम येतो तो मुख्यत्वें पंजांच्या तळव्यांस. अंगांतील उष्मा तें जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवितें. तेव्हां केस काढल्यानें त्यास आपल्यासारखा गारवा मिळेल ही कल्पना निराधार होय. उलट उघडी पडलेली कातडी उन्हानें भाजते, आणि काढलेले केस कित्येकदां महिनोन्‌महिने येत नाहींत. आले तरी ठिकठिकाणीं नुसती लवच राहते. त्वचारोगासाठीं पशुवैद्यानें सांगितलें तर गोष्ट निराळी. पंजांखालचे व गुदद्वाराजवळचे केस मात्र स्वच्छतेसाठीं बेतानें कापावे.

(बाल्टिक समुद्राकांठच्या पोमेरेनिया प्रांतावरून हें नांव पडलें. पूर्वीं हा कुत्रा पुष्कळ मोठा असे. १८८८ सालीं व्हिक्टोरिया राणीनें फ्लॉरेन्सहून मार्को नांवाचा लहानसा कुत्रा आणला, तेव्हांपासून लहान चणीची आवड बळावली. आपल्याकडे ज्यास सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुधा इंडियन स्पिट्झ असतो. पण केसांची ठेवण तीच.)

खरा उपाय फणी. रोज, निदान दिवसाआड, ती फिरवावी. वरवर फिरवून उपयोग नाहीं. केस हातानें दुभागून कातडी दिसेपर्यंत एकेक थर विंचरावा. कानांमागें, काखेंत, जांघेंत व पट्ट्याखालीं गुंता हटकून होतो. तो सोडविण्याची रीत मुलींच्या वेण्या घालणाऱ्या आमच्या भगिनींस सांगणें नलगे: केस मुळाशीं बोटांत धरावे व टोंकाकडून गुंता काढीत यावें, म्हणजे कातडीस ओढ बसत नाहीं. तरीहि एखादे वेळीं कुत्रें गुरगुरतें, आणि मुलें लागलीच त्याच्या तोंडावर चापट मारतात. जनमेजयाच्या भावांनीं निरपराध सारमेयास मारिलें म्हणून त्याची माता सरमा हिनें राजास शाप दिला, ही आदिपर्वांतील कथा अशा मुलांस अवश्य ऐकवावी.

विंचरतांनाच हातास गोचीड लागते, आणि हा लाभ कांहीं थोडा नव्हे. गोचिडीच्या दंशानें रक्तांत जंतु शिरून कुत्र्यास ताप येतो, अन्नावरील वासना उडते, हिरड्या पांढुरक्या पडतात; वेळीं उपचार न झाल्यास तें दगावतें. ही लक्षणें दिसतांच पशुवैद्यास गांठावें. गोचीड चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतण्याची जुनी चाल सर्वस्वीं त्याज्य आहे. त्यानें कातडी पोळते, आणि कुत्रें अंग चाटतें तेव्हां तें विष पोटांत जातें.

स्नान महिन्यांतून एकदां पुरे, आणि तेंहि विंचरल्यानंतर. गुंता ओला झाला कीं त्याची नमद्यासारखी गांठ बसते. पाणी कोमट असावें व कानांत कापूस घालावा. आपला साबण त्यास चालत नाहीं, कारण आपली त्वचा किंचित् अम्लधर्मी असते, कुत्र्याची तितकी नसते. मग पंचानें अंग मुळापर्यंत कोरडें करावें. पावसाळ्यांत लव ओलसर राहिली तर घाण येऊं लागते व चट्टे पडतात.

नखांचें काम सावकाश करावें. पांढऱ्या नखांतून गुलाबी शीर दिसते, तिच्या अलीकडेच थांबावें. काळ्या नखांत ती दिसत नाहीं, म्हणून टोंकाची पातळ कापच काढावी. रक्त आलेंच तर तुरटीची पूड दाबून धरावी व उरलेलीं नखें दुसऱ्या दिवशीं कापावीं.