दूरच्या संगणकास घरबसल्या आज्ञा

पाणीउपशाच्या खोलींत किंवा संस्थेच्या गोदामांत लहानसा संगणक ठेवून हवामान, जमिनीचा ओलावा अगर मालाची आवकजावक टिपण्याची सोय आतां झाली आहे. अशा संगणकाची विचारपूस करावयाची झाल्यास दर वेळीं तेथवर पायपीट करण्याचें कारण नाहीं. घरच्या संगणकावरून त्यास आज्ञा देतां येते. ही सोय कशी चालते व तींत कोणती दक्षता पाहिजे, हें येथें थोडक्यांत सांगावयाचें आहे.

टर्मिनल म्हणजे चित्रांऐवजीं अक्षरांनीं आज्ञा लिहावयाची खिडकी. लिनक्स, मॅक व अलीकडील विंडोज या सर्वांत ती असते. तींत एसएसएच या प्रोग्रामचें नांव लिहून पुढें दूरच्या संगणकावरील आपल्या खात्याचें नांव, @ हें चिन्ह व त्या संगणकाचा पत्ता लिहावा. इतकेंच लिहिल्यास तेथील टर्मिनल आपल्यापुढें उघडतें आणि आपण निरोप घेईपर्यंत प्रत्येक ओळ तेथें अमलांत येते. त्याच ओळींत शेवटीं एखादी आज्ञा जोडली, उदाहरणार्थ डिस्कवर किती जागा उरली हें विचारणारी, तर ती तेथें चालते, उत्तर येथें उमटतें व संबंध आपोआप संपतो.

पूर्वीं हें काम १९६९ सालीं जन्मलेल्या टेलनेट या पद्धतीनें होई. तींत पासवर्डासुद्धां सर्व मजकूर उघड्या पत्राप्रमाणें जात असे; वाटेंत बसलेल्या कोणासही तो वाचतां येई. १९९५ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यांत पासवर्डांची चोरी झाली, तेव्हां तेथील संशोधक टाटू इलोनेन यांनीं सर्व मजकूर सांकेतिक करून धाडणारें एसएसएच रचिलें. १९९९ सालीं ओपनबीएसडीच्या मंडळींनीं ओपनएसएसएच ही सर्वांस खुली आवृत्ति काढली.

परंतु मजकूर गुप्त असला तरी तो योग्य जागीं जात आहे कीं नाहीं, हें पाहणें आपल्याच हातीं आहे. प्रथम संबंध जोडतांना प्रोग्राम त्या संगणकाच्या किल्लीचा ठसा दाखवून पुढें जावें काय, असें विचारतो. पुष्कळ लोक न वाचतांच होकार देतात. तसें न करितां त्या संगणकाजवळील माणसाकडून ठसा वाचवून घेऊन ताडून पाहावा. पुढें कधीं ठसा बदलल्याची सूचना आली, तर एक तर तेथील व्यवस्था नव्यानें बसविली आहे, नाहीं तर मध्यें कोणी तरी शिरलें आहे. कारण कळेपर्यंत पासवर्ड देऊं नये.

पासवर्डापेक्षां किल्ल्यांची जोडी बरी. तींतील जाहीर किल्ली दूरच्या संगणकावर ठेवावी. खासगी किल्ली आपल्याजवळ परवलीच्या वाक्यानें बंद करून ठेवावी व कोणासही देऊं नये.

आज्ञा लिहितांना कोणता शब्द कोठें लागू होतो याचें भान ठेवावें. उत्तर फाइलींत सांठविण्याकरितां > हें चिन्ह उघडें लिहिलें, तर फाइल आपल्या संगणकावर तयार होते. सबंध आज्ञा अवतरणचिन्हांत घातली, तर ती तेथें होते. फाइली पुसावयाच्या असतां हा भेद महाग पडतो. तेथील टर्मिनल उघडून सुरू केलेलें लांबलचक काम संबंध तुटतांच बहुधा थांबतें. तें टीमक्ससारख्या प्रोग्रामांत चालवावें, म्हणजे पुन्हां जोडून घेतां येतें.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दूरच्या संगणकाची जाळ्याची जोडणी बंद करणारी आज्ञा तो निमूटपणें पाळतो, पण मग ती परत घेण्यास वाट उरत नाहीं; कोणास तरी तेथें चालतच जावें लागतें. यास्तव एंटर दाबण्यापूर्वीं आपण कोणत्या संगणकावर आहों हें नांव वाचून खात्री करावी. हात घरीं असला तरी काम शिवारांत होत आहे, हें विसरूं नये.