लेकरांचा मुतखडा : लघवी काय सांगते?

मुतखडा हा मोठ्या माणसांचा रोग आहे, लहान लेकरांना तो कसा होईल, असा समज आपल्या समाजात अजूनही आहे. त्यामुळे लेकरू पोट धरून रडू लागले की जंताचे औषध दिले जाते, दृष्ट काढली जाते आणि त्यात दिवस निघून जातात. वस्तुतः मुतखडा लहान मुलांनाही होतो. कुठे दुखते हे त्यांना नीट सांगता येत नाही. पोटदुखी, उलटी, लघवीला जळजळ, लालसर लघवी किंवा वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्ग एवढेच पालकांना दिसते. फुलचूर आणि गोंदिया परिसरातील पालकांना या विषयाची नेमकी माहिती असावी, या हेतूने आम्ही हे लिहीत आहोत.

सोनोग्राफीत खडा दिसतो, त्याची जागा व आकार कळतो. परंतु तो का झाला, हे सोनोग्राफी सांगत नाही. ते लघवी सांगते. मिठाचे पाणी आटत गेले की तळाशी मीठ धरते, तसेच लघवीत क्षार जास्त व पाणी कमी झाले की स्फटिक बनतात आणि त्यांचाच पुढे खडा होतो. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. याउलट सायट्रेट नावाचा घटक स्फटिक बनण्यास अटकाव करतो. म्हणून तपासणीत लघवीचे एकूण प्रमाण, कॅल्शियम, ऑक्झलेट, युरिक आम्ल, सोडियम, सायट्रेट आणि आम्लता हे सर्व पाहिले जाते. सिस्टीनसारखे आनुवंशिक दोषही यातूनच उघड होतात.

ही तपासणी चोवीस तासांच्या लघवीवर करतात. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्यावी व वेळ लिहून ठेवावी. त्यानंतरची प्रत्येक लघवी प्रयोगशाळेने दिलेल्या डब्यात जमा करावी आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवी त्यात मिळवून डबा पोचता करावा. डब्यात कधी कधी आम्ल घातलेले असते, म्हणून तो लेकरांच्या हाती देऊ नये. त्या दिवशी मुलाने रोजचेच खावे, रोजचेच प्यावे व शक्यतो घरीच राहावे. ताप किंवा जंतुसंसर्ग असताना ही तपासणी करू नये.

आकडा समजून घेण्यासाठी एक उदाहरण पाहू. मुलाच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४ मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅल्शियम लघवीतून जात असेल, तर ते अधिक समजतात. २० किलोच्या मुलासाठी ही मर्यादा ८० मिलिग्रॅम होते. त्याच मुलाला दिवसभरात निदान अर्धा लिटर लघवी व्हावयास हवी. लहान बाळाची चोवीस तासांची लघवी जमा करणे कठीण असते. अशा वेळी एकाच वेळच्या लघवीतील कॅल्शियम व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. शाळकरी वयात ते सुमारे ०.२ पेक्षा जास्त आल्यास पुढील तपासणी करतात. तान्ह्या बाळात मात्र हे गुणोत्तर मुळातच जास्त असते, म्हणून मोठ्यांचा आकडा बाळाला लावू नये. एकाच अहवालावरून घाबरूनही जाऊ नये, कारण डॉक्टर बहुधा तपासणी पुन्हा करून खात्री करून घेतात.

येथे एका मोठ्या गैरसमजाकडे लक्ष वेधावेसे वाटते. खड्यात कॅल्शियम आहे असे कळताच घरची मंडळी लेकराचे दूध बंद करतात. हे चूक आहे. दुधातील कॅल्शियम अन्नातील ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. दूध बंद केले तर ते ऑक्झलेट रक्तात व तेथून लघवीत उतरते, शिवाय वाढत्या वयाची हाडे कमजोर होतात. पूर्वी भारतात गरीब घरच्या मुलांना मूत्राशयाचे खडे फार होत. केवळ धान्यावर भागवलेला व दूध-डाळीची वानवा असलेला आहार हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. खरे कमी करावयाचे ते मीठ. जास्त मिठाने लघवीतून कॅल्शियम अधिक जाते, म्हणून लोणचे, पापड, कुरकुरे, चिवडा यांना आवर घालावा. लिंबाच्या सरबतातून सायट्रेट मिळते, पण त्यात मीठ बेताचेच असावे.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे जातो. अशा दिवसांत मुले घाम गाळत खेळतात, पण पाणी पीत नाहीत. शाळेतील शौचालय नीट नसेल तर मुली मुद्दाम पाणी टाळतात, हेही आपण जाणतो. केरळातील शाळांत २०१९ साली पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू करण्यात आली. आपल्या शाळेतही अशी घंटा वाजावी आणि त्यासोबत स्वच्छ शौचालय असावे, असा आग्रह पालकांनी धरावा.

लहानपणी एकदा खडा झालेल्या अनेक मुलांना तो पुन्हा होतो, आणि वारंवारच्या खड्याने मूत्रपिंडास इजा पोचू शकते. म्हणून खडा पडला किंवा काढला म्हणजे काम संपले, असे मानू नये. पडलेला खडा फेकून न देता तपासणीसाठी डॉक्टरांकडे न्यावा. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे किंवा आपल्या डॉक्टरांकडे जाऊन, "खडा कशामुळे झाला, लघवीची तपासणी करावयाची का?" हा प्रश्न प्रत्येक आईवडिलांनी न संकोचता विचारावा. लेकराचे मूत्रपिंड त्याला आयुष्यभर पुरावयाचे आहे.