पशुचिकित्सालयातील प्राथमिक परीक्षण : ज्वर आणि उष्माघात

नागपूर येथे १९५८ साली पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन झाले. विदर्भ हा गवळाऊ गोवंशाचा आणि नागपुरी म्हशीचा प्रदेश. तसाच तो प्रखर उन्हाळ्याचाही प्रदेश होय. म्हणून रुग्णपरीक्षणाचे सर्वमान्य नियम येथे योजताना हवामानाचा विचार अपरिहार्य ठरतो.

परीक्षणाचा क्रम ठरलेला आहे. प्रथम पशुपालकाकडून चारा, पाणी, दूध, शेण, वेत व लसीकरण यांची माहिती घ्यावी. नंतर जनावरास स्पर्श न करता त्याची उभे राहण्याची ढब, श्वसन व रवंथ यांचे दुरून निरीक्षण करावे. कारण हाताळताच भीतीने नाडी व श्वास दोन्ही वाढतात. त्यानंतरच गुदमार्गाने तापमान घ्यावे. उष्णतामापक शेणात न रुतता आतड्याच्या भित्तीस टेकला पाहिजे. प्रौढ गाईचे तापमान सुमारे १०१.५ अंश फॅरनहाइट असते. नाडी शेपटीच्या खालच्या बाजूस हातास लागते. डाव्या भकाळीवर मूठ ठेवून कोठीपोटाची हालचाल मोजावी. निरोगी जनावरात ती दर मिनिटास एक ते दोन वेळा होते.

आता प्रश्न असा की, वाढलेले तापमान म्हणजे ज्वरच काय? भर दुपारी चालत आणलेल्या म्हशीच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. तिची कातडी काळी व घर्मग्रंथी विरळ असल्याने शरीरातील उष्णता सहज बाहेर पडत नाही. ज्वरात मेंदूतील तापनियंत्रक केंद्राची पातळीच वर चढते व ज्वरनाशक औषध ती खाली आणते. उष्माघातात ही पातळी मूळचीच असते. सबब तेथे ते औषध निरुपयोगी ठरते. सावली, वारा व अंगावर थंड पाणी हेच खरे उपचार होत. जनावर सावध असल्यास सावलीत विश्रांती देऊन तापमान पुन्हा घ्यावे. ते उतरत गेले तर कारण उन्हाचे. टिकून राहिले तर संसर्गाचा शोध घ्यावा. खांद्यापुढील लसिकाग्रंथी सुजलेल्या व अंगावर गोचीड असल्यास थायलेरिया रोगाचा संशय धरून रक्ताची काचपट्टी तपासावी. मात्र जनावर झोकांड्या देत असेल, तर दुसऱ्या मोजणीची वाट न पाहता त्यास तत्काळ थंड करावे.

याउलट उदाहरण दुग्धज्वराचे. नावात ज्वर असला तरी व्यालेल्या गाईच्या रक्तातील कॅल्शियम घटल्याने हा रोग होतो. गाय बसून राहते, मान कुशीकडे वळवते, कान थंड पडतात आणि तापमान बहुधा सामान्य वा त्याहून कमी असते. येथे शिरेतून कॅल्शियम दिल्यास गाय लवकरच उठू शकते. परंतु ते वेगाने दिल्यास हृदय बंद पडण्याचा धोका असतो. म्हणून एका हाताने औषधाचा वेग सांभाळावा व दुसऱ्या हातातील श्रवणनलिका हृदयावर ठेवावी.

सारांश, औषधाची निवड ही परीक्षणाची अखेरची पायरी आहे. पहिल्या पायऱ्या गाळल्यास तेच औषध व्यर्थ अथवा घातक ठरते, आणि त्याची किंमत पशुपालकाच्या गोठ्यास मोजावी लागते.