वाकड्या तारेची परीक्षा

टीव्हीचा अँटेना कौलांवर असायचा, ते दिवस आठवतात ना? एकजण वर चढून नळी फिरवायचा आणि खालून घरदार ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" तारेची लांबी, वाक, दिशा यांत जरा फरक पडला की लहरी पकडण्याची ताकद बदलते.

उपग्रहाचा अँटेना मात्र वर चढून फिरवता येत नाही. एकदा गेला की गेला. अमेरिकेच्या 'नासा' संस्थेने २२ मार्च २००६ रोजी 'एसटी-५' मोहिमेचे तीन छोटे उपग्रह सोडले, प्रत्येकी सुमारे २५ किलोचे. त्यांच्या अँटेनासाठी एम्स संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी जी युक्ती केली, ती तुमच्या घरचीच आहे : बियाण्याच्या निवडीची. संगणकात तारेचे पुष्कळ वेडेवाकडे आकार केले. गणिताने प्रत्येकाची परीक्षा घेतली. चांगले राखले, हलके टाकले; राखलेल्यांत थोडे फेरफार करून पुढची पिढी काढली. अशा पिढ्यांमागून पिढ्या. अखेरीस जे निघाले ते कुणी रागाने तार मुरगळून फेकावी तसे दिसत होते! कुणा इंजिनियरला असा आकार सुचला नसता. मध्येच उपग्रहांची ठरलेली कक्षा बदलली आणि आधीचा नमुना कामाचा राहिला नाही. पण नवा हाती यायला महिनाभरच लागला.

तरी यात एक खोट आहेच. अँटेना गुंतागुंतीचा असला, की एकेका आकाराच्या गणिताला संगणकही तासन्‌तास घेतो, आणि आकार तर हजारो. इथे यंत्राला शिकवण्याची विद्या, म्हणजे 'मशीन लर्निंग', उपयोगी पडते. ज्याने पुष्कळ शेतांची कापणी, मळणी, तोलणी पाहिली, तो उभे पीक पाहूनच एकरी उतारा सांगतो. तसेच काही आकारांचे पुरे गणित करून त्यांची उत्तरे संगणकाला दाखवायची. त्यावरून त्याची नजर तयार होते. मग नव्या आकाराचा अंदाज तो क्षणात देतो आणि पुरे गणित फक्त निवडक आकारांचेच करावे लागते.

पण ज्वारीच्या जाणत्याला द्राक्षबागेचा उतारा विचारू नये. शिकवणीत नसलेल्या आकारावर हा संगणकही खुशाल चुकतो, आणि तेही ठामपणे. म्हणून निवडलेले दोन-चार अँटेना प्रत्यक्ष घडवतात आणि लहरी शोषणारे फोमचे सुळके भिंतींना लावलेल्या बंद खोलीत नेऊन मोजतात.