कचरा वाहतूक श्रमिक संघ

कचरा वाहतूक श्रमिक संघ ही बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या घनकचरा विभागाचे काम कंत्राटदारांमार्फत करणाऱ्या सफाई कामगारांची संघटना आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती स्थापन झाली. तिच्या उभारणीत मिलिंद रानडे व दीपक भालेराव यांचा पुढाकार होता. महापालिकेतील कायम कर्मचाऱ्यांच्या संघटनांच्या तुलनेत ही संघटना छोटी आहे. कागदोपत्री कंत्राटदाराचा असलेला कामगार प्रत्यक्षात कोणाचा, या प्रश्नावर तिने चालवलेले दावे महाराष्ट्रातील कंत्राटी कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाचे मानले जातात.

== पार्श्वभूमी ==
मुंबईत रस्त्यांची झाडलोट करणे, कचरा गाडीत भरणे आणि तो क्षेपणभूमीवर नेऊन टाकणे ही कामे कायम व कंत्राटी असे दोन्ही प्रकारचे कामगार करत आले आहेत. कायम कामगाराला वेतनश्रेणी, रजा, वैद्यकीय सोयी व निवृत्तिवेतन मिळे. त्याच प्रकारचे काम करणाऱ्या कंत्राटी कामगाराला अनेकदा किमान वेतनही मिळत नसे. या कामगारांपैकी बहुसंख्य दलित समाजातील आहेत. पिण्याचे पाणी, हातमोजे, गमबूट व किमान वेतन या संघटनेच्या सुरुवातीच्या मागण्या होत्या.

== कंत्राटाचे स्वरूप ==
कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० हा मूळ स्वरूपात वीस किंवा अधिक कंत्राटी कामगार असलेल्या आस्थापनांना व कंत्राटदारांना लागू होता. महाराष्ट्राने पुढे ही मर्यादा पन्नासवर नेली. कामगारांच्या लहान गटांसाठी आणि थोड्या महिन्यांसाठी दिलेली कंत्राटे या कायद्यातून पळवाट काढण्यासाठीच आहेत, असा संघटनेचा आक्षेप होता. काही योजनांत संस्थांमार्फत नेमलेल्या कामगारांना ‘स्वयंसेवक’ व त्यांच्या मोबदल्याला ‘मानधन’ म्हटले जाई. स्वयंसेवक हा कामगार नसल्यामुळे त्याला कामगार कायदे लागू होत नाहीत, असा युक्तिवाद त्यामुळे शक्य होत असे.

== कायदेशीर चौकट ==
अशा संघटनेपुढे दोन कायदेशीर अडचणी येतात. पहिली अडचण दाव्याच्या मार्गाची आहे. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध १९७१ च्या अधिनियमाखाली औद्योगिक न्यायालयात तक्रार करता येते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये सिप्ला कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले की, मालक व कामगार हे नातेच वादग्रस्त असेल तर ते आधी योग्य न्यायाधिकरणापुढे सिद्ध झाले पाहिजे. त्यामुळे वाद प्रथम समेट अधिकाऱ्याकडे जातो. समेट न झाल्यास २०२५ पर्यंत औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या कलम १० नुसार शासन तो औद्योगिक न्यायाधिकरणाकडे सोपवत असे.

दुसरी अडचण निकषाची आहे. २००१ मध्येच स्टील ऑथॉरिटी ऑफ इंडियाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, कंत्राटी पद्धत बंद झाली म्हणून कामगार आपोआप मूळ आस्थापनेत सामावले जात नाहीत. मात्र कंत्राट केवळ देखाव्यापुरते असल्याचे सिद्ध झाल्यास ते कामगार मूळ आस्थापनेचेच ठरतात.

== पुराव्याचा प्रश्न ==
काम कोण नेमून देते, देखरेख कोण करते, हजेरी कोण घेते, वेतन कोणाकडून येते आणि कारवाईचा अधिकार कोणाला आहे, या बाबींवरून न्यायाधिकरण कंत्राटाचे खरे स्वरूप ठरवते. कंत्राटी कामगाराकडे बहुधा नेमणूकपत्र नसते, वेतनचिठ्ठीही नसते. कंत्राटदार बदलला की जुनी कागदपत्रे त्याच्याबरोबर जातात. म्हणून कामगारांच्या याद्या, कामाचे दिवस व कामाचे ठिकाण यांची नोंद ठेवणे हे संघटनेच्या कामाचे मुख्य अंग ठरते. या नोंदींत २४० दिवसांना विशेष महत्त्व आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या औद्योगिक विवाद अधिनियमानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम केल्यास वर्षभराची सलग सेवा मानली जात असे.

== २,७०० कामगारांचा दावा ==
सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याच्या मागणीवर औद्योगिक न्यायाधिकरणाने ऑक्टोबर २०१४ मध्ये संघटनेच्या बाजूने निवाडा दिला. महापालिकेने त्याला आव्हान दिले. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये निवाडा कायम ठेवला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निर्णयही कामगारांच्या बाजूने लागला.

त्यानंतरही सर्वांना लगेच नेमणूक मिळाली नाही. पडताळणीत यादीतील नाव आणि ओळखपत्रांवरील नाव यांच्या लेखनात फरक आढळल्याने शेकडो कामगारांची प्रकरणे अडकली. आडनावातील एखादे अक्षर वेगळे असले, तरी यादीतील माणूस तोच हे कामगाराला पुन्हा सिद्ध करावे लागले. खटला जिंकल्यावर संघटनेचे काम पुन्हा कागदपत्रांपाशीच येऊन थांबले.

== नंतरचे निर्णय ==
संघटनेच्या ५८० सफाई कामगारांच्या आणखी एका दाव्यात मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये न्यायाधिकरणाचा निवाडा मान्य केला. मंजूर पदे रिक्त नाहीत, एवढ्या कारणावरून दीर्घकाळ राबलेल्या कामगारांना कायमपणाचे लाभ नाकारता येणार नाहीत, अशी भूमिका न्यायालयाने घेतली.

== महत्त्व व मर्यादा ==
न्यायालयीन मार्गाने हजारो कामगारांना वेतनश्रेणी व सेवासुरक्षा मिळू शकते, हे या दाव्यांतून दिसून आले. त्याचबरोबर या मार्गाची मर्यादाही स्पष्ट झाली. निवाड्याचा लाभ दाव्याच्या यादीत नाव असलेल्यांनाच मिळतो. यादीबाहेरच्या कामगारांना नवा दावा उभारावा लागतो. न्यायाधिकरण, उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय अशा पायऱ्यांत अनेक वर्षे जातात आणि तेवढ्या काळात काही कामगार निवृत्तीच्या वयाला पोहोचतात, काहींचा मृत्यू होतो. अशा वेळी दाव्याचा लाभ थकबाकीच्या रूपाने वारसांच्या हाती पडतो.