अर्धा आटा

घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या सिग्नलला एक पद्मिनी शेजारी येऊन थांबली. रंग ताजा, क्रोम लखलखीत, सीटकव्हर नवीकोरी. पण गाडी उभी असताना तिचं बॉनेट एक पाय आखूड असलेल्या पाटासारखं डुगडुगत होतं आणि कडेला नव्या रंगाचे टवके उडाले होते. गाडीवर एवढा खर्च करणाऱ्या माणसाला गाडी अशी परत मिळावी, याचं मला वाईट वाटलं. हे काम नीट करणारं कुणी उरलंय का, याची चौकशी करत मी कुर्ल्याच्या बाजूच्या एका गॅरेजात पोचलो.

कुर्ला हे या गाडीचं माहेर. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली वाहनं बाहेर पडली आणि १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे १९७०च्या दशकात पद्मिनी झाली. २०००च्या सुमारास उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत, शेजारच्या रस्त्याचं नाव मात्र अजून प्रीमियर रोडच आहे.

मिस्त्री साठी ओलांडलेले, संगमेश्वराकडचे. समोर मुलुंडच्या एका कुटुंबाची, आजोबांच्या वेळची पद्मिनी उभी होती. रंग दुसरीकडे झाला होता; बॉनेट हातोडा मारल्यासारखं आपटल्याशिवाय लागत नाही, ही मालकांची तक्रार. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि ते जिथे टेकतं तिथल्या रबरी गुटक्यांवर बोट ठेवलं.

“पेंटरने लेव्हल दिसायला पाहिजे म्हणून हे वर उचललेत. दिसतंय बरोबर. पण आता लॉक लागायला जोर लागतो, आणि जोर कुठे जातो? पत्र्यात.”

या गुटक्यांचं काम एका वाक्यात सांगता येतं: बंद बॉनेटला खालून टेका द्यायचा, आणि लॉकने ते खाली ओढलं की दोघांमध्ये ताण धरायचा. गुटका खाली राहिला तर बॉनेट हलतं, रंग घासतो, लॉक झिजतं. वर राहिला तर पत्रा वाकतो, किंवा लॉक अर्धवटच लागतं. अर्धवट लागलेलं बॉनेट पूर्व द्रुतगती मार्गावर वेगात वाऱ्याने उचललं गेलं तर थेट काचेवर येतं. एवढी जबाबदारी अंगठ्याएवढ्या रबरावर असते, आणि गाडी रंगवताना सगळ्यात शेवटी विचार होतो तो त्याचाच.

मिस्त्रींनी जुना गुटका उपसून माझ्या हातावर ठेवला. नख रुतेना. इंजिनाची धग आणि हवेतला ओझोन यांनी रबर कडक होतं, त्याला भेगा पडतात. त्या भेगांत आणि गुटक्याच्या बुडाशी पावसाचं पाणी साचतं. इथेही पत्र्यावर गंजाचं गोल कडं उमटलं होतं. ते घासून, प्रायमर लावून झालं.

नव्या रबराची निवड मला जास्त शिकवून गेली. मिस्त्री पुडीतला प्रत्येक गुटका नखाने दाबत होते, नाकाशी नेत होते. त्यांच्या भाषेत रबर दोन प्रकारचं: उन्हाचं आणि तेलाचं. हे अगदी शास्त्रशुद्ध आहे. ईपीडीएम रबर उष्णता आणि ओझोन सोसतं, पण तेलात फुगतं. नायट्राइलचं उलट, तेलाला पुरून उरतं पण ओझोनने तडकतं. बॉनेटच्या कडेला तेल क्वचितच पोचतं, म्हणून तिथे उन्हाचं. त्यांनी निवडलेल्या गुटक्यांच्या बुडाला सहा एमएमचा बोल्ट होता, त्यावर चेकनट.

मग खरं काम. आधी सगळे गुटके पार खाली. बॉनेटची जागा बिजागरीच्या बोल्टांनी जुळवायची, मडगार्डशी फट दोन्हीकडे सारखी आणायची, लॉक सरळ रेषेत बसवायचं. गुटक्यांना हात सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की गुटक्यांनी बॉनेट ढकलून चुका झाकाव्या लागतात. आधीच्या ठिकाणी नेमकं तेच झालं होतं.

मिस्त्रींनी रबराच्या माथ्यावर खडू घासला, बॉनेट वीतभर उंचीवरून सोडलं आणि मान कलती करून आवाज ऐकला. उघडून आतला खडूचा ठसा पाहिला. उजवीकडे पूर्ण गोल, डावीकडे नुसती कोर.

“डावा अर्धा आटा वर.”

मदतनीस पोराने दहा नंबरच्या पान्याने चेकनट सैल केला, अर्धा फेरा दिला. पुन्हा खडू, पुन्हा आवाज. सहा एमएमच्या बोल्टाला एका फेऱ्यात एक मिलिमीटर चाल असते. अर्धा आटा म्हणजे अर्धा मिलिमीटर. एवढ्याने काय होणार, असं मला वाटलं होतं. पण त्या अर्ध्या आट्यानंतर बॉनेट बंद होण्याचा आवाजच बदलला. आधी पत्र्याचा खणखणाट होता, आता एकच दबका, भरीव ठोका आला. पुढच्या कोपऱ्याला मिस्त्रींनी अर्धा आटा परत खाली घेतला. तळव्याने चारही कोपरे दाबले. काही हललं नाही. लॉक दोन बोटांच्या दाबाने लागलं. तो आवाज ऐकायला मी नंतरही त्या गॅरेजात गेलो आहे.

चेकनट आवळला तरी काम संपत नाही. नवं रबर थोडं बसतं. गाडी आठवडाभर चालवून परत आणायची, पुन्हा खडू लावायचा. “तेव्हाही अर्धा आटाच लागतो बहुतेक,” मिस्त्री म्हणाले, “पण परत येतो कोण?”

या कामाचं बिल किती, असं विचारलं तेव्हा ते जरा अवघडले. “बिलात काय लिहू साहेब? रबराचे पैसे लावतो.” सकाळची दुपार झाली होती. डोळा, कान आणि तळवा यांनी केलेल्या त्या सगळ्या कामाचा हिशेब चार गुटक्यांच्या किमतीत संपत होता. हा अन्याय आहे, आणि तो गाडीवर प्रेम करणारी आपली माणसंच करत आहेत.

टॅक्सींवरच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली. ज्या टॅक्सींवर मिस्त्रींच्या पिढीचा हात बसला, त्या गेल्या. उरल्या खाजगी गाड्या. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खाजगी गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, आणि सुरुवातीच्या पद्मिनी आता त्या वयाला पोचल्या आहेत. त्यांची निगा राखायला हे हात लागणार आहेत. त्या मिस्त्रींच्या हाताखाली मला एकच पोरगा दिसला.

घरात जुनी फियाट किंवा पद्मिनी असेल, तर रंगकाम झाल्यावर चकाकी बघण्याआधी बॉनेटचे चारही कोपरे तळव्याने दाबून बघा. हलत असतील तर गाडी ताब्यात घेऊ नका. आणि बिलात बॉनेटच्या फिटिंगची मजुरी वेगळी लिहायला सांगा, ती घासाघीस न करता द्या.